दुष्काळात झाड आतून कुठे तुटतं, हे बघायचं कसं?

जालन्याकडच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे की त्याला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मोसंबीवर काम करायचं आहे. पाणी तुटलं की बागेतली सगळीच झाडं वाळल्यासारखी दिसतात. मग पाऊस आला की काही फुटतात, काही उभी जळतात. झाडाच्या आत नेमकं काय बिघडतं हे खोड न कापता बघता येईल का, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांचा उपयोग किती, आणि साध्या कॉलेजात यातलं काय जमेल, असा त्याचा प्रश्न आहे.

बघता येतं, आणि कॉलेजातही बरंच जमतं. पण एक गोष्ट आधीच मनात पक्की धरा. झाडाच्या आतलं चित्र कितीही सुंदर निघालं, तरी त्या क्षणी झाडातल्या पाण्यावर किती ताण होता याचा आकडा शेजारी नसेल, तर ते चित्र काहीच सांगत नाही. सगळं उत्तर मी याच मुद्द्याला धरून देणार आहे, कारण या क्षेत्रातले बरेचसे वाद इथेच उभे राहिले.

खोडात पाणी वर ढकलणारा पंप नसतो. पानांतून वाफ जाते, त्यामुळे पानातलं पाणी मागच्या पाण्याला ओढतं आणि ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजवर ती टिकून आहे. ओढ कमी नसते. भर दुपारी बऱ्याच झाडांत पाण्यावरचा ताण उणे १ ते उणे २ मेगापास्कल असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहा ते वीस पट ओढ. कोरड्या माळावरची झाडं याच्या कितीतरी पुढे जातात. इतकं ताणलेलं पाणी अखंड राहतं ते झायलेमच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या लाकडातल्या, वाहिन्या बारीक आणि भिंती मजबूत असतात म्हणून.

जमीन कोरडी होत गेली की ताण वाढतो. एका वाहिनीतून शेजारच्या वाहिनीत पाणी जातं ते भिंतीतल्या खाचांमधून, आणि त्या खाचांत अतिशय बारीक छिद्रांचा पडदा असतो. शेजारची वाहिनी आधीच हवेने भरलेली असेल आणि ताण हद्दीपलीकडे गेला, तर पडद्यातून हवेचा एक बुडबुडा आत खेचला जातो. बुडबुडा क्षणात फुगतो, पाण्याचा धागा तुटतो आणि ती वाहिनी कामातून जाते. याला एम्बोलिझम म्हणतात. एका वाहिनीने काही होत नाही. पण उरलेल्या वाहिन्यांवरचा भार वाढतो, ताण आणखी चढतो, आणखी वाहिन्या जातात. अर्धी वहनक्षमता ज्या ताणाला जाते त्या आकड्याला पी-५० म्हणतात. २०१२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात ब्रेंडन चोट आणि सहकाऱ्यांनी ८१ ठिकाणच्या २२६ जातींचे आकडे एकत्र केले. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जाती आपल्या धोक्याच्या रेषेपासून १ मेगापास्कलपेक्षाही कमी अंतरावर जगत होत्या. पावसाळी जंगल असो की कोरडं, चित्र तेच. मला हा निकाल आजही अस्वस्थ करतो.

मग फांदी कापून, तिच्यातून पाणी सोडून किती वाहतं ते मोजलं की झालं, असं वाटेल. अनेक वर्षं तसंच करत होते. अडचण अशी की फांदीतलं पाणी ताणलेलं असतानाच तुम्ही कात्री चालवता. २०१३ मध्ये व्हीलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ताणाखाली असलेली फांदी पाण्याखाली धरून कापली तरी कापताना बुडबुडे आत जाऊ शकतात. म्हणजे जे नुकसान दुष्काळाचं म्हणून मोजलं जातं, त्यातलं काही कात्रीचं असतं. लांब वाहिन्यांच्या झाडांत, उदाहरणार्थ ओक किंवा द्राक्षवेल, हा घोळ आणखी वाढतो, कारण वाहिनी फांदीच्या तुकड्यापेक्षा लांब असते आणि दोन्ही टोकांना उघडी राहते. झाड न कापता आत डोकावण्याची गरज खरी इथून निर्माण झाली.

सर्वांत नावाजलेली पद्धत क्ष-किरणांची मायक्रो-सीटी. दवाखान्यातल्या सीटीचंच तत्त्व, फक्त बारकावा काही मायक्रॉनपर्यंत. जिवंत रोप कुंडीसकट फिरत्या टेबलावर ठेवतात, खोडाचा काही मिलिमीटरचा भाग किरणांसमोर येतो आणि शेकडो कोनांतून प्रतिमा घेऊन संगणक आडवे छेद तयार करतो. पाण्याने भरलेली वाहिनी भोवतालच्या लाकडासारखी करडी दिसते, हवेने भरलेली काळी कुळकुळीत. पहिल्यांदा असा छेद बघताना विश्वास बसत नाही. सकाळी सगळं करडं, मग रोप सुकत जाताना मध्ये एक काळा ठिपका, तासाभराने त्याच्या शेजारी दुसरा, मग ठिपक्यांची ओळ. हवा एका वाहिनीतून लगतच्या वाहिनीत पसरते हे पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर घडताना दिसतं. सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणारं अवाढव्य यंत्र, त्याचा झोत प्रखर असल्यामुळे एक स्कॅन काही मिनिटांत होतो. प्रयोगशाळेतल्या टेबलावर मावणाऱ्या छोट्या सीटी यंत्राला बराच जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात खोड किंचित आकसलं तरी चित्र धूसर होतं.

छेदातले काळे ठिपके मोजून 'चाळीस टक्के वाहिन्या गेल्या' असं लिहू नका. वाहिनीतून वाहणारं पाणी तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतं. दुप्पट रुंद वाहिनी सोळापट पाणी नेते. त्यामुळे मोजक्या मोठ्या वाहिन्या गेल्या तर ठिपके थोडे, नुकसान प्रचंड. आणि बारीक वाहिन्या शेकड्याने गेल्या तरी झाडाला फारसं जाणवत नाही. म्हणून प्रत्येक वाहिनीचा व्यास मोजून त्यावरून वहनक्षमता काढावी लागते. शिवाय करडी वाहिनी म्हणजे चालू वाहिनी असं नाही. नुकतीच तयार होत असलेली वाहिनी अजून जिवंत पेशी असते. तिच्यात द्रव असतो, पण ती पाणी वाहत नाही. यासाठी शेवटी स्कॅनच्या जागेच्या अगदी जवळ खोड हवेत कापून पुन्हा एकदा स्कॅन करतात. ताणाखालच्या चालू वाहिन्या लगेच हवेने भरून काळ्या होतात, आणि ज्या तरीही करड्या राहतात त्या हिशेबातून काढायच्या. आयोडीनयुक्त द्राव शोषायला देऊन कोणत्या वाहिन्या खरोखर वाहतात हे स्कॅनमध्ये उजळ करून बघण्याचीही पद्धत आता आहे, आणि ती मला जास्त भरवशाची वाटते.

दुसरी सावधगिरी किरणांबद्दल. हवा-पाणी हा फरक दिसतो म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याचा मोह होतो. पण २०१८ मध्ये पेत्रुझेलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिंक्रोट्रॉनच्या वारंवार माऱ्याने खोडातल्या जिवंत पेशींना इजा होते. वाहिन्या मृत असतात, त्यांना फरक पडत नाही. पण तुम्हाला 'झाड बुडबुडे दुरुस्त करतं का' असं विचारायचं असेल, तर दुरुस्ती करणाऱ्या पेशीच तुम्ही मारून टाकलेल्या असतात.

दुरुस्तीचा वाद थोडा सविस्तर सांगतो, कारण तुमचा मूळ प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. २००१ मध्ये होलब्रूक आणि सहकाऱ्यांनी एमआरआयमध्ये द्राक्षवेलीच्या रिकाम्या वाहिन्या पुन्हा भरताना पाहिल्या. २०१० मध्ये ब्रोडरसन आणि मॅकएलरोन यांच्या गटाने बर्कलीच्या सिंक्रोट्रॉनवर त्याच वेलीत वाहिनीच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमताना, वाढताना आणि बुडबुड्याला हटवताना टिपले. ती चित्रं अप्रतिम आहेत. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की झाड भर दुपारीसुद्धा, ताण चालू असताना, वाहिन्या दुरुस्त करत असतं. पुढे २०१६ मध्ये शारिए आणि सहकाऱ्यांनी द्राक्षवेलीवरच मायक्रो-सीटी आणि ताणाची मोजणी बारकाईने जोडली, तेव्हा ताण चालू असताना वाहिनी भरल्याचा पुरावा मिळाला नाही. ताण जवळजवळ नाहीसा झाला, मुळांकडून दाब आला, तरच वाहिन्या भरतात. नाशिकच्या बागायतदाराला हा मुळांचा दाब परिचयाचा आहे. छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी ठिबकतं ते त्यानेच. जमीन ओली, रात्र, पानं नाहीत किंवा बाष्पोच्छ्वास बंद, अशा वेळी वेल आतून भरून घेते. वेल तीच होती, पद्धतही बऱ्याच अंशी तीच. निष्कर्ष सुधारला तो ताणाचा आकडा चित्राशेजारी काटेकोरपणे ठेवल्यामुळे.

एमआरआयचं वेगळं बळ आहे. बारकाव्यात तो सीटीच्या मागे आहे, एक-एक बारीक वाहिनी सहसा सुटी दिसत नाही. पण पाणी हलतंय का आणि किती वेगाने, हे तोच थेट दाखवतो, किरणांचा मारा न करता, जिवंत रोपात, दिवसेंदिवस. २००६ मध्ये विंट आणि सहकाऱ्यांनी पॉप्लर, एरंड, टोमॅटो आणि तंबाखू यांत झायलेम आणि फ्लोएम दोन्हीतला प्रवाह असा मोजला. साखर वाहणाऱ्या फ्लोएमचा सरासरी वेग चारही झाडांत ०.२५ ते ०.४० मिलिमीटर प्रति सेकंद निघाला. इतक्या वेगवेगळ्या झाडांत इतका जवळचा आकडा! हे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने इतकं सरळ दिसलं नसतं. मात्र दवाखान्यातलं यंत्र मिळालं म्हणून उपयोग होईल असं समजू नका. त्याची कॉइल माणसाच्या शरीरासाठी असते, पेन्सिलीएवढ्या खोडासाठी वेगळी लागते.

न्यूट्रॉनने घेतलेली चित्रं मुळांसाठी उत्तम, कारण न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनवर अडतात आणि मातीतून बऱ्यापैकी पार जातात. साध्या पाण्याऐवजी जड पाणी (ज्यात हायड्रोजनचं जड रूप असतं) दिलं की मुळाचा कोणता भाग पाणी घेतो हे कळतं. तुमच्या प्रकल्पात याची गरज नाही, म्हणून पुढे जातो.

आता तुमच्या कॉलेजात जमेल अशी पद्धत, जिच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. टास्मानिया विद्यापीठातल्या टिम ब्रॉड्रिब यांच्या गटाने २०१६ मध्ये ती मांडली. पानाच्या शिरेत पाणी असताना प्रकाश तिच्यातून सहज जातो. हवा शिरली की प्रकाश विखुरतो आणि ती शीर क्षणात वेगळी दिसते. डोळ्याला हा फरक कळत नाही, पण लागोपाठच्या दोन चित्रांची वजाबाकी केली की जी शीर या काही मिनिटांत गेली तेवढीच उठून येते. सिंक्रोट्रॉन नको, क्ष-किरण नको. ऑफिसातला फ्लॅटबेड स्कॅनर, खालून-वरून प्रकाश देणारा असला तर उत्तम, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाचा कॅमेरा, भिंग आणि एलईडी एवढ्यावर काम होतं. वजाबाकीसाठी इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. स्वस्त म्हणून ही पद्धत कमी दर्जाची आहे असं समजू नका. कोणती शीर कधी गेली याचा वेळेनुसार नकाशा तिच्याइतका सहज दुसरं काहीच देत नाही.

करायचं कसं ते सांगतो. पहाटे, झाड सर्वांत भरलेलं असताना, लांब फांदी तोडा. लांब, म्हणजे त्या जातीच्या सर्वांत लांब वाहिनीपेक्षा नक्की लांब. ती लांबी आधी मोजा: फांदीच्या एका टोकातून कमी दाबाने हवा सोडा, दुसरं टोक पाण्यात धरा आणि बुडबुडे येईपर्यंत थोडं थोडं कापत जा. तोडलेली फांदी ओल्या कागदात आणि काळ्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणा. एक पान फांदीला तसंच ठेवून स्कॅनरवर सपाट दाबून बसवा, पट्टीने चारी बाजूंनी पक्कं करा. हलता कामा नये, कारण पान सुकताना आकसतं आणि ते हलणंही वजाबाकीत दिसतं. मग फांदी खोलीत सुकू द्या आणि दर दोन ते पाच मिनिटांनी एक चित्र आपोआप घेत रहा, दोन दिवस लागले तरी. खोडावर करायचं असेल तर साल एक-दोन सेंटिमीटरच्या खिडकीएवढी हलक्या हाताने काढा, लाकडाला नख लागू देऊ नका आणि उघड्या भागावर पारदर्शक जेल लावा, म्हणजे तो भाग तिथेच वाळणार नाही आणि चकाकीही येणार नाही. मोसंबीच्या पानात तेलाच्या ग्रंथी असतात, त्या उजेडात ठिपक्यांसारख्या दिसतात. जागच्या जागी असल्यामुळे वजाबाकीत त्या बहुतांशी निघून जातात, पण पान सरकलं की खोटे ठिपके देतात. शीर जाते तेव्हा रेषेसारखा तुकडा एकदम उमटतो, हा फरक नजरेला सवयीने कळतो. म्हणून सुरुवातीची चित्रं एक-एक करून हाताने तपासा. सॉफ्टवेअरवर सगळं सोडू नका.

आणि या सगळ्यासोबत प्रेशर चेंबर हवाच. शोलँडर यांचं हे साधं यंत्र १९६५ पासून वापरात आहे: पान चेंबरमध्ये, देठ झाकणातून बाहेर, नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा आणि देठाच्या कापलेल्या तोंडाशी पाणी चमकलं की आकडा वाचायचा. कृषी विद्यापीठांत विचारा, सहसा मिळतं. पद्धतीत एकच खाचखळगा आहे. उघड्या पानाचा ताण खोडातल्या ताणाइतका नसतो. म्हणून मोजायचं पान आदल्या तासभर प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये बांधून ठेवा, म्हणजे ते खोडाशी बरोबरीला येतं. सुकत्या फांदीवरची अशी पानं ठराविक वेळाने मोजत गेलात की प्रत्येक चित्राला ताणाचा आकडा मिळतो, आणि कोणत्या ताणाला किती शिरा गेल्या याचा वक्र तयार होतो. पी-५० त्यावरूनच वाचायचा.

तुमच्याकडे तर आयताच प्रयोग उभा आहे. आंबे बहार धरायला बागायतदार हिवाळ्यात मोसंबीचं पाणी तोडतात, बागेला ताण देतात, पानं मलूल होऊन काही गळली की पाणी सोडतात. त्याच काळात पहाटे आणि भर दुपारी बागेतल्या झाडांचा ताण मोजा आणि प्रयोगशाळेत काढलेल्या पी-५० शी ताडून बघा. बागायतदार अनुभवाने जिथे थांबतो ती रेषा वाहिन्या तुटण्याच्या रेषेपासून किती दूर आहे, हे कळेल. हलक्या आणि भारी जमिनीतल्या बागा, जंबेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटांवर कलम केलेली झाडं, असे जोड निवडता आले तर प्रकल्पाला खरं वजन येईल. २०१२-१३ मध्ये तुमच्याच भागात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. त्या बागांच्या मालकांना या आकड्याचं मोल वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ज्यांच्याकडे कॅमेराही नाही त्यांनी सॅफ्रॅनिन या लाल रंगाकडे जावं. आधी फांदीतला ताण उतरू द्या, मग पाण्याखाली दोन्ही टोकं पुन्हा थोडी थोडी छाटा, आणि गाळलेला, हवा काढलेला रंग अगदी कमी दाबाने सोडा. रंगलेल्या वाहिन्या चालू, न रंगलेल्या बंद. ताण न उतरवता फांदी रंगात बुडवली तर रंग धडाधड वर जातो आणि सगळंच लाल दिसतं. त्या चित्रातून काही कळत नाही.

मायक्रो-सीटी करावीशी वाटलीच, तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रतिमांकनाची किरणवाहिनी आहे. प्रस्ताव पाठवून वेळ मागावी लागते. पण आधी स्कॅनरवर वक्र तयार करा आणि तिथे फक्त दोन-तीन ठरावीक ताणांची रोपं घेऊन जा. कोणत्या ताणाला बघायचं हे माहीत नसेल तर तो मौल्यवान वेळ करडी चित्रं जमवण्यात जातो.

आकाशातून बघणं ही वेगळी पातळी. कॅलिफोर्नियाच्या २०१२ ते २०१५ च्या दुष्काळात ग्रेगरी ॲस्नर यांच्या गटाने विमानातले सेन्सर आणि उपग्रह वापरून झाडांच्या माथ्यातलं पाणी मोजलं आणि सुमारे ५.८ कोटी मोठ्या झाडांनी ३० टक्क्यांहून जास्त पाणी गमावल्याचं सांगितलं. कुठलं जंगल धोक्यात आहे हे त्यातून कळतं. वाहिन्या गेल्या की नुसती पर्णरंध्रं मिटलीत, हे कळत नाही. ड्रोनच्या थर्मल कॅमेऱ्याचंही तेच. तापलेलं पान म्हणजे बाष्पोच्छ्वास कमी, इतकंच.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, की काही झाडं फुटतात आणि काही नाही. २०१९ मध्ये हॅमंड आणि सहकाऱ्यांनी लॉब्लॉली पाइनची रोपं वेगवेगळ्या नुकसानापर्यंत सुकवून पुन्हा पाणी दिलं. वहनक्षमता साधारण ८० टक्के गेली की मरण्याची शक्यता निम्म्यावर पोचत होती. रुंद पानांच्या झाडांत ही रेषा ८८ टक्क्यांच्या आसपास धरतात. मोसंबीची रेषा कुठे आहे, हे तुम्ही कुंडीतल्या कलमांवर काढू शकता. कलमं वेगवेगळ्या ताणांपर्यंत सुकवा, प्रत्येकाचा ताण प्रेशर चेंबरवर मोजा, वक्रावरून नुकसान वाचा आणि मग पाणी सोडा. फूट आली की नाही याची घाई करू नका, निदान एक हंगाम थांबा. वाहिन्या गेलेलं झाड सावरतं ते बहुतेक नवी लाकूडपेशी घालून, आणि त्यासाठी सालीखालचा कॅम्बियम, म्हणजे नवं लाकूड तयार करणारा पेशींचा थर, जिवंत हवा. दर पंधरवड्याला नखाने साल किंचित खरवडून बघा. हिरवी, ओलसर निघाली तर ते कलम मोजणीतून काढू नका, वर पान एकही नसलं तरी.